जोत्यात घातलेले पैसे

आक्कांचं घर पूर उतरल्यावर पडलं. आठ दिवस ते पाण्यात होतं, दाराच्या चौकटीपर्यंत बुडालेलं, तेव्हा उभं होतं. मग पाणी अंगणातून मागं सरलं, ऊन पडलं, छावणीतली माणसं परत आली. आक्का कमरेला खोचलेली किल्ली काढत होत्या, तेवढ्यात मागची भिंत बसली. तिच्यामागोमाग माळवद, म्हणजे मातीचं सपाट छत. "पाण्यानं न्हाय नेलं गं, उन्हानं नेलं," असं त्या आजही म्हणतात.

त्यांचं म्हणणं बरोबर आहे. पांढऱ्या मातीची जाड भिंत दोन्ही बाजूंनी पाण्यात असते, तोवर ती भिजून मऊ झाली तरी पाणीच तिला धरून ठेवतं. पाणी उतरलं की तो आधार सुटतो. डोक्यावर माळवदाचं ओझं असतंच, तेही पाणी पिऊन आणखी जड झालेलं. खालचा पाया चिखलात बसलेला. वरून ऊन एकाच बाजूनं भिंत वाळवतं आणि तडा जातो. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णाकाठच्या कितीतरी गावांत लोक घरी परतल्यावर घरं पडली, ती अशी. पाण्यातून सुटलो म्हणून माणसं घरात शिरायची आणि भिंत अंगावर यायची. त्या दिवसांत आम्ही दारोदार एकच गोष्ट सांगत हिंडत होतो, की दोन दिवस आत झोपू नका.

माझं माहेर पाटण तालुक्यातलं, सासर सांगलीचं. कराडला सिव्हिलचा डिप्लोमा केला आणि दहा वर्षं सांगलीत एका बिल्डरकडे साइटवर काढली. आम्ही विश्रामबागेत राहतो. तिथं पाणी आलं नाही. पण आयर्विन पुलाच्या पातळीचा आकडा मोबाइलवर तासातासाला यायचा आणि घरात कुणाला जेवण जायचं नाही. सांगलीच्या माणसाला त्या पुलावरचे फूट पाठ असतात. ४० फूट म्हणजे इशारा, ४५ म्हणजे धोका. पूल १९२९ सालचा. २००५ ला पाणी ५३ फुटांच्या वर गेलं होतं आणि त्यानंतर सगळ्यांनी मनाशी धरलं होतं की याच्यापेक्षा जास्त येणार नाही. ज्यांनी २००५ नंतर घरं बांधली त्यांनी त्या खुणेच्या वर जोतं, म्हणजे घराचा चौथरा, घेतलं आणि निश्चिंत झाले. २०१९ ला पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. निश्चिंत झालेली घरंही बुडाली.

पहिले पंधरा दिवस मी सगळ्यांनी केलं तेच केलं. भाकऱ्या गोळा करणं, पाण्याच्या बाटल्या, चादरी, गाळ काढणं. पलूस तालुक्यात भिलवडीच्या बाजूला आमचा टेम्पो जायचा. ब्रह्मनाळला ८ ऑगस्टला नाव उलटून माणसं गेली, त्यामुळे त्या पट्ट्यात कुणाशी बोलायला तोंड उघडायचं नाही. गणपती बसले, गणपती गेले, आणि मदतीचे टेम्पो थांबले. कपड्यांचे ढीग देवळाच्या ओसरीवर तसेच पडून राहिले. आणि आक्का पडक्या घराच्या जागेवर ताडपत्रीच्या खाली राहत होत्या, सून, दोन नातवंडं आणि एक म्हैस यांच्यासह. मुलगा कारखान्याच्या टोळीत ऊसतोडीला जायच्या तयारीत होता, कारण पैसा तिथंच होता.

त्या ताडपत्रीखाली मला पुण्याहून आलेल्या एका छोट्या संस्थेचे सर भेटले. पन्नाशीकडे झुकलेले इंजिनिअर. ३० सप्टेंबर १९९३ चा किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा ते नुकतेच कॉलेजातून निघालेले होते आणि लातूर-उस्मानाबादच्या दुरुस्तीच्या कामात त्यांनी तीन वर्षं घालवली होती. तिथं ५२ गावं नव्या जागी वसवली गेली. पण त्यापेक्षा कितीतरी अधिक घरं लोकांनी स्वतः, जागेवरच, सरकारच्या पैशातून दुरुस्त केली, आणि गावागावांतल्या बायका संवाद सहायक म्हणून त्या कामात होत्या. सरांनी मला पहिल्याच दिवशी सांगितलं, "कंत्राटदारानं बांधून दिलेल्या घरात माणूस भाडेकरूसारखा राहतो. पाच वर्षांनी जाऊन बघ, नळ गळत असेल तर तो सरकारची वाट बघत असतो." त्या महिन्यात मी बिल्डरची नोकरी सोडली. घरी कुणी अडवलं नाही. सासूबाई एवढंच म्हणाल्या, "पगार कमी असला तरी चालंल, पण पावसाळ्याच्या आत त्यांच्या डोक्यावर छप्पर पडू दे."

आमच्या वाट्याला आक्कांच्या गावातली २२ घरं आली. पावसाळ्याच्या आत एकही झालं नाही. ते का, हे सांगायलाच हवं, कारण बाहेरून बघणाऱ्याला वाटतं पैसे दिले की घर उभं राहतं.

पैशांचं गणित आधी सांगते. पूर्ण पडलेल्या घराला आपत्ती निधीच्या निकषानं सपाट भागात ९५,१०० रुपये होते. घरकुल योजनेत नाव बसलं तर १ लाख २० हजार, शौचालयाचे १२ हजार आणि रोजगार हमीतून ९० दिवसांची मजुरी. घरकुलाचं मोजमाप २५ चौरस मीटर, म्हणजे २६९ चौरस फूट. दोन खोल्या आणि पुढं एक चिंचोळी पडवी. हे सगळं एकाच कुटुंबाला मिळत नाही आणि मिळालं तरी एकदम मिळत नाही. मोठा हप्ता येतो जोतं झाल्यावर, मग लिंटलला, म्हणजे दार-खिडकीवरच्या आडव्या बीमला, मग छताला. जोतं घालायला मात्र आधी पैसे लागतात. ज्याच्याकडे घर नाही, भांडी नाहीत, त्यानं मोठ्या हप्त्याच्या आधीचे पैसे आणायचे कुठून? सावकाराकडून. तिथंच निम्मी घरं अडतात. आमच्या संस्थेचा खरा उपयोग याच फटीत होता. डबर, सिमेंट, सळई आम्ही उधारीवर जागेवर टाकायचो, हप्ता आला की कुटुंब त्यातला ठरलेला हिस्सा परत करायचं आणि तो पैसा पुढच्या घराला जायचा. फुकट काही नव्हतं. लोकांनाही फुकट नको होतं, हे मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं.

दुसरी अडचण कागदांची. पहिल्या बैठकीला लोक पिशव्या भरून कागद घेऊन आले, पुराच्या पाण्यात भिजून चिकटलेले, काही उन्हात वाळवून पापडासारखे कडक झालेले. बहुतेकांनी आठ-अ आणला होता. आठ-अ शेताचा असतो. गावठाणातल्या घराला लागतो ग्रामपंचायतीचा नमुना आठ, ज्याला लोक असेसमेंटचा उतारा म्हणतात. तो काढला तर त्यावर नाव आजोबांचं. आजोबा जाऊन तीस वर्षं झालेली. वारसनोंद कुणी केलेली नाही, कारण घर राहायला असतं, विकायला नसतं, मग नोंद कशाला? आणि त्या एका उताऱ्यावर, एका घर नंबरवर, तीन भाऊ राहतात. तीन चुली, तीन रेशनकार्डं, पण पंचनामा एक. म्हणजे ९५,१०० चे तीन वाटे. तीन भावांत ३१ हजार ७०० रुपये आले तर त्यात खोलीचं दारसुद्धा नीट होत नाही.

आक्कांच्या घरी हेच होतं. धाकटा दीर बाहेरगावी आणि मधल्या जावेशी बारा वर्षं बोलणं बंद. सरांनी मला तिथं पाठवलं. मी चार वेळा गेले. जाऊबाई पहिल्या दोन वेळा दारातूनच परत लावायच्या. तिसऱ्यांदा त्या पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "आक्कास्नी सांगा, चौकट माझ्या सासऱ्यानं केलेली हाय, ती तेवढी मला द्यावी." सागवानी चौकट होती, पडलेल्या घराच्या ढिगाऱ्यातून साबूत निघालेली. आक्कांनी ती त्याच संध्याकाळी दोन माणसं लावून जावेच्या दारात पोचवली. दुसऱ्या दिवशी तिघांच्या सह्या झाल्या. कुठल्याही ऑफिसात असा अर्ज नसतो, ज्यात चौकट देऊन टाकल्याची नोंद होते.

संस्थेची एक अट होती: घर नवरा-बायको दोघांच्या नावावर. शासनाची "घर दोघांचे" मोहीम २००३ पासून आहे, पण गावात उतारे बघितले तर बाईचं नाव विधवा झाल्यावरच चढलेलं दिसतं. आम्ही ती अट सोडली नाही. दोन घरांत त्यावरून खडाजंगी झाली, एकानं साहित्य परत न्या म्हणून सांगितलं. आठवड्यानं त्याची आईच त्याला घेऊन आली.

आता जोत्याकडे येते. मला ज्याबद्दल लिहायचं होतं ते हेच.

कृष्णाकाठची काळी माती ऊस पिकवते आणि घरं तडकवते. पावसाळ्यात पाणी पिऊन ती फुगते, उन्हाळ्यात आक्रसून तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. वरचं घर तिच्याबरोबर वर-खाली होतं. म्हणून जुने लोक मुरूम लागेपर्यंत पाया खणायचे. आमच्या गावात पाच फूट खणलं तरी काळीच, आठ फूट खणलं तरी काळीच. एवढा पाया दगडानं भरायचा तर घराचे सगळे पैसे खड्ड्यात. सरांनी मग अंडररीम पाइल घ्यायचं ठरवलं. रुरकीच्या केंद्रीय इमारत संशोधन संस्थेनं आपल्याकडच्या काळ्या मातीसाठी ही पद्धत बसवून दिलेली आहे. हातानं फिरवायच्या ऑगरनं साडेतीन मीटरपर्यंत गोल भोक पाडायचं, कारण तिथल्या खाली ऋतूप्रमाणे माती हलत नाही. तळाशी वेगळं पातं लावून कांद्यासारखा फुगवटा कोरायचा. त्यात सळईचा पिंजरा सोडून काँक्रीट भरायचं. वर सगळ्या पाइलची डोकी एका बीममध्ये बांधायची. फुगवट्यामुळं माती कितीही ओढू दे, घर वर उचललं जात नाही.

गावात ऑगरला "गिरमीट" नाव पडलं. चार माणसं गोल फिरून ते फिरवायची, रहाटासारखं. आक्कांच्या जागेवर पहिलं गिरमीट लागलं तेव्हा अख्खी आळी बघायला. दोन मीटरवर ओली चिकट माती लागली, चार माणसांना पातं वर ओढवेना. आक्कांचा बारा वर्षांचा नातू पाण्याची बादली घेऊन आला, कडेनं पाणी सोडलं आणि पातं सुटलं. वर आलेली माती आक्कांनी हातात घेतली, बोटांत दाबली, वास घेतला. काळीभोर, ओली, शिंपल्याचे बारीक तुकडे असलेली. म्हणाल्या, "ही नदीचीच हाय की." नदी कधीकाळी तिथून वाहत होती. ती माती म्हणजेच त्या गावाच्या पुराचा जुना कागद.

बीम झाल्यावर त्यावर तीन फूट जोतं, आत मुरमाची भरणी, दर सहा इंचाच्या थराला पाणी मारून धुम्मस, म्हणजे ठोकून दाबणं. मग वीटकामात काँक्रीटचे पट्टे, एक जोत्याला, एक खिडकीच्या तळाला, एक लिंटलला, आणि चारी कोपऱ्यांत पाइलपासून स्लॅबपर्यंत उभी सळई. हिशेब केला तर घराच्या खर्चातला जवळजवळ तिसरा हिस्सा दाराच्या उंबऱ्याच्या खाली गेला होता.

यावरून वाद झाला. घरांना पैसे देणाऱ्यांपैकी एक गट मुंबईहून बघायला आला. चार महिने झालेले आणि त्यांना दिसलं काय, तर रिकामे चौथरे. त्यांच्यातले एक गृहस्थ खरोखर कळवळ्यानं म्हणाले, "एवढ्या पैशात पत्र्याची पंचेचाळीस घरं उभी राहिली असती. लोक थंडीत उघड्यावर आहेत." माणूस चांगला होता आणि लोक उघड्यावर होते, हेही खरं. मी तेव्हा नीट उत्तर देऊ शकले नाही. आज देते. पत्र्याचं घर दिलं असतं तर फोटो आला असता, रंगवलेली भिंत, दारात उभं कुटुंब, वर देणाऱ्याचं नाव. पुढच्या पुरात तेच कुटुंब पुन्हा ताडपत्रीखाली आलं असतं. नदी पुन्हा येणार, याबद्दल काठावर कुणाला शंका नाही. पाणी अडवणं माझ्या हातात नाही. घर दहा फूट उचलणंही परवडणारं नाही. हातात आहे ते एवढंच, की घर बुडलं तरी पडू नये. ते काम जोत्यातच होतं, आणि जोत्याचा फोटो काढायला कुणी येत नाही.

त्या गटानं पुढचा हप्ता थांबवला. सरांनी दुसरीकडून सोय केली, दोन महिने गेले.

जिन्याचाही असाच प्रश्न आला. स्लॅबवर जायला बाहेरून पक्का जिना हवा, असं बायकांनी बैठकीत सांगितलं. कागदावर तो चैनीत धरला गेला, गरिबाच्या एकमजली घराला जिना कशाला म्हणून. बायका हट्टाला पेटल्या. "धान्य कुठं न्यायचं? गॅसची टाकी? शिडी पाण्यात वाहून जाती." शेवटी पायऱ्या अरुंद केल्या, कठडा काढला, आणि जिना बसवला. विजेचा बोर्डही आम्ही खांद्याच्या वर घेतला. हा सल्ला आक्कांच्या सुनेचा.

माझ्या हातून चूक झाली ती विटांत. पुरात काठावरच्या वीटभट्ट्या बुडाल्या होत्या, विटांना भाव चढला होता आणि घाई होती. एका भट्टीवाल्यानं कच्च्या भाजलेल्या विटा पक्क्यांच्या मधे घालून पाठवल्या. मी वरचे थर तपासले. दोन विटा एकमेकींवर वाजवून बघितल्या, खणखणीत वाजल्या. कमरेच्या उंचीवरून टाकून बघितली, फुटली नाही. मधले थर उतरवून घेतले नाहीत. सहा थर चढल्यावर गवंडी मामांनी हाक मारली. त्यांनी एक वीट बादलीत टाकली होती. अर्ध्या तासात तिची कड बोटानं निघत होती. ज्या गावाचं घर पाण्यानं गेलं तिथं मी पाण्यात विरघळणारी वीट लावत होते. तीन घरांच्या भिंती उतरवाव्या लागल्या. गवंडी मामा उतरवताना एक शब्द बोलले नाहीत, त्यानं मला जास्त लागलं. त्या दिवसापासून प्रत्येक गाडीतल्या तळाच्या, मधल्या आणि वरच्या थरातल्या विटा रात्रभर पाण्यात ठेवल्याशिवाय गाडी खाली करायची नाही, हा नियम. तो नातू ते काम करायचा. संध्याकाळी विटांवर खडूनं नंबर घालायचा आणि सकाळी शाळेच्या आधी येऊन बघायचा.

मार्च २०२० ला बहुतेक घरं लिंटलपर्यंत आलेली. आणि टाळेबंदी लागली. गवंडी जतकडचे आणि विजापूरकडचे, मिळेल त्या वाटेनं घरी गेले. मी सांगलीत अडकले. नुकतंच ओतलेलं काँक्रीट पाण्याविना तसंच राहणार, या काळजीनं मला झोप येईना, कारण पहिले सात दिवस पाणी मिळालं नाही तर काँक्रीट आयुष्यभर कच्चं राहतं. मी आक्कांना फोन केला. त्या म्हणाल्या, "पाणी मारायला गवंडी कशाला लागतोय?" गावातल्या बायकांनी पाळ्या लावल्या. आपापल्या घराला नाही, सगळ्या २२ घरांना. सकाळ-संध्याकाळ, तोंडाला पदर बांधून, लांब लांब उभं राहून. गोणपाटं भिजवून पट्ट्यांवर पांघरली. जूनमध्ये मी परत गेले तेव्हा लिंटलवर हातोडी मारून बघितली. असं काँक्रीट मी सांगलीतल्या अपार्टमेंटच्या साइटवरही बघितलं नव्हतं.

घरं पुरी झाली ती फेब्रुवारी २०२१ ला. वास्तुशांतीला मी आईला घेऊन गेले होते. ती पाटणची, ११ डिसेंबर १९६७ ला पहाटे कोयनेचा भूकंप झाला तेव्हा सात वर्षांची. तिच्या घराची दगडमातीची भिंत आतल्या बाजूला पडली होती आणि तिची आजी त्यात गेली. आई कुणाच्याही नव्या घरात गेली की आधी कोपऱ्यात हात लावून बघते. तिनं आक्कांच्या घराचा कोपरा चाचपला आणि विचारलं, "यात सळई हाय का?" मी हो म्हटल्यावर मगच जेवायला बसली.

पाच महिन्यांनी पाऊस आला. २०२१ च्या जुलैत महाबळेश्वरला एका दिवसात ५९४ मिलिमीटर. कोयनेचं पाणी सुटलं. २२ जुलैच्या रात्री माझ्या माहेरच्या तालुक्यात आंबेघर आणि मिरगावला डोंगर घरांवर आला. ओळखीची माणसं होती. फोन लागत नव्हते, रस्ते तुटलेले. मला तेव्हा फार स्पष्ट दिसलं की मी कृष्णाकाठी शिकलेलं तिथं चालणार नाही. पुरात बुडणारं घर जागेवर मजबूत करता येतं. डोंगर खचतो तिथं जगातलं कुठलंही जोतं पुरत नाही, तिथून माणसांनाच हलवावं लागतं, आणि हलवायचं तर जमीन, पाणी, शेत, सगळ्यासकट. ते काम घर बांधण्यापेक्षा दहा पटीनं अवघड आहे आणि त्याला संस्था पुरी पडत नाही, सरकारच लागतं. पाटणच्या कुटुंबांना कोयना प्रकल्पाच्या जुन्या खोल्यांत ठेवलं होतं. माझी एक चुलत बहीण तिथं बघून आली. एवढंच म्हणाली, "त्यांना घर नको म्हणतात गं, डोंगर नको म्हणतात."

इकडे आयर्विनचा आकडा चढत होता. २४-२५ जुलैला तो ५४ फुटांच्या पुढं गेला. आमचं गाव आधीच रिकामं झालं होतं, या वेळी कुणी थांबलं नाही. आक्कांनी म्हैस माळावरच्या बहिणीकडे पाठवली, ज्वारीची पोती, टाकी, कागदांची पिशवी जिन्यानं स्लॅबवर, ताडपत्रीखाली. तीच ताडपत्री.

रस्ता उघडल्यावर मी आणि सर गेलो. देवळाच्या भिंतीवर तेलरंगानं २०१९ ची खूण आहे, तिच्या अडीच फूट खाली नवी ओली रेघ होती. आक्कांच्या घरात आत गुडघाभर पाणी येऊन गेलेलं, जोतं नसतं तर कमरेच्या वर असतं. मी एकेका घराचे चारी कोपरे, पट्टे, लिंटल हातोडीनं वाजवत गेले. २२ घरं उभी होती. एका घराची फरशी मधे खचली होती, तिथं भरणीला धुम्मस नीट झाली नव्हती, ती आम्ही उकरून पुन्हा घातली. बाकी गिलाव्यात केसासारख्या रेघा.

आक्का ओट्यावर बाहेर बसल्या होत्या. सून आत गाळ काढत होती, पोरं खराट्यानं भिंती धूत होती. मी म्हटलं, "आक्का, आत चला की, घर चांगलं आहे." त्या जागच्या हलल्या नाहीत. त्यांनी आभाळाकडे बोट केलं. ढग फुटून ऊन पडायला लागलं होतं.

"दोन उन्हं खाऊ दे त्याला," त्या म्हणाल्या.

त्या रात्री त्या बाहेरच झोपल्या, पुढच्या रात्रीही. मी सांगलीला न परतता जाऊबाईंकडे राहिले, त्या सागवानी चौकटीच्या आत. तिसऱ्या दिवशी सकाळी आक्का उठल्या, मागच्या भिंतीला, जिथं जुनी भिंत बसली होती तिथल्या नव्या भिंतीला, तळहात लावून उभ्या राहिल्या. भिंत वरून कोरडी झाली होती, खाली अजून ओल होती. मग त्यांनी सुनेला हाक मारून टाकी खाली आणायला सांगितली आणि चहा ठेवला.